सुई टिकलीच्या अलीकडं

मध्या,

तुझं तेरावं अजून व्हायचंय. त्या दिवशी सगळे बोलतील. तुझ्या कॉलेजातले बोलतील, पुढाऱ्यांपैकी कुणीतरी तुझं नाव कागदावर बघून बोलेल, आणि माझ्याकडं माईक आला की लोक आधीच हसू तोंडात धरून बसतील, कारण बाब्या चेअरमन उठला म्हणजे काहीतरी हवेत उडवणार. म्हणून जे उडवायचं नाही ते आज इथं लिहून टाकतो. मला भीती वाटते बे.

हे लिहिलं खरं, आणि अक्षर माझंच आहे का म्हणून परत वाकून बघितलं. मी कोण ते तुला ठाऊक आहे. बालाघाटाच्या डोंगरात बिबट्या आडवा आला तेव्हा त्याला तंबाखू विचारणारा मी. त्यानं मान हलवून नको म्हटलं, दातांचा त्रास होता त्याला. ही गोष्ट मी नांदूरघाटापासून गेवराईपर्यंत सांगितली, आणि प्रत्येक वेळी तू मागून एवढंच विचारलंस, "मागल्या बारीला तरस हुतं ना रे?" लोक माझ्या गोष्टीपेक्षा तुझ्या त्या वाक्याला जास्त हसायचे. मला लई राग यायचा. तू मागून शेपूट धरून ठेवलंस म्हणून ती गोष्ट जमिनीवर राहिली. नाहीतर तो बिबट्या एव्हाना हत्ती होऊन विधानसभेला उभा राहिला असता.

भीती कशाची, तर एका काळ्या बटणाची. आपल्या सीताफळ सोसायटीच्या शेडमधल्या वाळवणीच्या यंत्रावर बसवलेलं, वांग्याएवढं बटण. त्याच्या वर काच, काचेत विजेची सुई, आणि काचेवर तू चिकटवलेली सुमनवहिनीची लाल टिकली. बटण फिरवलं की सुई चढते. ती टिकलीच्या अलीकडं राहिली पाहिजे, एवढाच तुझा कायदा. बटण दर हंगामात मीच फिरवायचो, पण तू पाठीमागं उभा असायचास. परवा खंडेनवमीला पाठीमागं कुणी नव्हतं. त्या दिवशी काय झालं ते तुला सांगायचंय. पण तू म्हणायचास, बाब्या, गोष्ट सुरू करण्याआधी जनावर कोणतं ते ठरव. तर आधी जनावर.

यंत्र आलं ते साल तुला आठवतं. पाऊस गेवराईपर्यंत आला, गोदावरीतून वाळू भरून चाललेले ट्रक बघितले, आणि इथं आपली काही किंमत नाही म्हणून परत फिरला. चौसाळ्याच्या हॉटेलात चहा मागितला की मालक आधी शपथ घालायचा, वर पाणी मागणार नाही म्हणून. आपल्या गल्लीतल्या चिमण्या टँकरच्या मागं उडत बीडपर्यंत जायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायच्या. डोंगरावर सीताफळ तेवढं उभं होतं. पण सीताफळाचे डोळे एकदा पडले, खवल्यांमधल्या रेघा फाकल्या, की त्याला दुसरा दिवस दम निघत नाही. खा, नाहीतर टाका. सगळ्या डोंगराचे डोळे एकदमच पडायचे. म्हणून गर काढून, वाळवून, त्याची भुकटी करायची असं ठरलं, आणि दुष्काळात आपण पाणी बाहेर काढायचं यंत्र विकत घेतलं. सर्वसाधारण सभेत तात्या उठले. ते आपले सर्वांत जुने डायरेक्टर, उभे राहिले की आधी धोतर झटकणार. म्हणाले, "चेअरमन, समदं वाळलंच हाय. वाळवायचं राह्यलंय काय?"

मी काहीतरी ठोकून दिलं. त्याच हंगामात मी असंही सांगत सुटलो की यंत्रातून एवढी वाफ निघाली की शेडवर ढग धरला, तलाठ्यानं लांबून ढग बघून गावाची आणेवारी वाढवली आणि आपला दुष्काळ रद्द व्हायची वेळ आली. तू खाली मान घालून हसत होतास. मग हळूच म्हणालास, "ढग न्हाई रे, तात्यांची बिडी हुती."

यंत्राच्या पोटात ती नळी होती, मॅग्नेट्रॉन. तुझी सगळी जवानी पुण्यात तिच्यावर गेली हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं तू तिकडं रेडिओ दुरुस्त करतोस. रविवारी तू चौसाळ्याला उतरून जीपनं आलास, आणि आम्हा डायरेक्टरांना शेडमध्ये न नेता टँकरजवळ नेऊन उभं केलंस.

"ह्या नळीच्या मधोमध एक दांडी हाय," तू म्हणालास. "तापली की तिच्यातनं इलेक्ट्रॉन बाहेर पडत्यात, शाळा सुटल्यावर पोरं पडावी तसे. भवती तांब्याची भिंत. वीज त्यांला सरळ भिंतीकडं वढती. आन् चुंबक सरळ जाऊ देत न्हाई, आडवं वळवतो. एक पुढं वढतोय, एक बाजूला रेटतोय."

"मग जात्यात कुठं?" तात्यांनी विचारलं.

"फिरत्यात. खळ्यावर तिवड्याला जुंपलेली बैलं फिरत्यात तसे. फिरता फिरता भिंतीतल्या पोकळ्यांला हालवत्यात, त्यातनं एक लाट निघती. डोळ्याला दिसत न्हाई, पण सीताफळातल्या पाण्याला गदागदा हालवती. पाणी तापतं, उडतं. गर वाळतो."

"मग बैलं वाढवा की," मी म्हणालो. "जास्त बैलं, जास्त मळणी."

तू टँकरकडं बोट केलंस. बाया घागरी घेऊन टँकरभोवती वेढा घालून सरकत होत्या. ज्या आधी आल्या होत्या त्या तोटीजवळ दाटून उभ्या, आणि मागून येणारीला आत शिरायला जागाच नव्हती. "दांडीतनं किती बाहेर पडतील ह्याला शेवट हाय बाब्या. तो शेवट कंपनीनं घातला न्हाई, सरकारनं घातला न्हाई. जे आधी भाईर पडले, ते मधल्या जागेत हायेत. समदे एका जातीचे, एकमेकाला लोटणारे. ते मागच्याला म्हणत्यात, थांब, अजून जागा न्हाई. पुढं गेलेलेच मागच्याला थोपवत्यात."

आणि मग तू जे सांगितलंस ते सांगताना तुझा आवाज खाली आला. चुंबकाचा जोर भरपूर असला की इलेक्ट्रॉन भिंतीला शिवायच्या आत वळतात. जोर कमी झाला की धडाधड भिंतीवर आदळतात. पण मधे एक जागा अशी आहे की ते भिंतीला नुसते घासून वळतात. तिथं ती सगळी पंगत जेमतेम टिकून असते. बारीकशा कारणानं मोडते. एकदा मोडली की रांग राहत नाही, नुसता गुंता. तिथं नेमकं किती जाऊ शकतात, आणि ती का मोडते, ह्याच एका गोष्टीशी तू पुण्यात झटत होतास. तेवढ्यात टँकरपाशी एका घागरीला दुसरी घागर लागली. एवढंच. पुढच्या क्षणी वेढा उरला नव्हता. कुणाची चुंबळ कुणाच्या पायात, पाणी मातीत, आणि ओरडा. तू जाऊन बायांच्या सांडलेल्या घागरी उभ्या करायला लागलास.

मी त्या दिवशी घाबरलो होतो. तुला सांगितलं नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि तुझ्याबरोबर अर्धंच राहिलं. दर हंगामात मी म्हणायचो, जरा वाढव. तू म्हणायचास, न्हाई.

"कावून न्हाई? फळाचे डोळे पडल्यात."

"सुई टिकलीला टेकली."

"टिकली वहिनीची हाय, देवाची न्हाई. केसभर पुढं गेली तर काय जग बुडतंय?"

"केसभरच लागतं."

मी एकदा चिडून म्हणालो होतो, सीमा वगैरे पाऊसपाण्याच्या मुलखातल्या लोकांनी पाळाव्यात. आमचा जन्मच सीमेच्या पलीकडं झालाय. आमच्याकडं जे काही उगवतं ते नको म्हटल्यावर उगवतं. तू म्हणालास, "म्हणून तर इथं परत आलो." ह्याचा अर्थ मी विचारला नाही. पुण्यातलं सोडून तू बीडच्या कॉलेजात का आलास, ह्यावर मी निदान पाच गोष्टी रचून गावाला सांगितल्या. एकीत तुझ्यामागं परदेशी हेर होते. खरी गोष्ट मात्र तुलाच विचारायची राहिली. मला वाटायचं, आहे की वेळ. तू तर दर रविवारी येतोसच.

दवाखान्यात तू मशिनीला जोडलेला होतास. तिथंही एक सुई होती, म्हणजे रेघ होती, आणि ती वरखाली होत होती. मी आल्या आल्या सुरू झालो, की तुझ्या वॉर्डाच्या दारात यमाचा रेडा बांधलाय, पण गावात चारा नाही म्हणून त्याला छावणीत घातलाय, यम बिचारा पायीच येतोय, चौसाळ्यापर्यंत पोचलाय. तुला हसू आलं आणि खोकला आला. मग तू विचारलंस, "डोळे पडले का?"

"पडायला लागले."

"पहिला घाणा तू लावशील तवा हात थरथरला पाह्यजे. थरथरला न्हाई तर लावू नगंस."

मी म्हणालो, "ह्यो हात? ह्यो बिबट्याच्या खांद्यावर पडलेला हात हाय." तेवढ्यात नर्सनं मला बाहेर काढलं. तुझ्याशी माझं शेवटचं वाक्य बिबट्याचं झालं बे. दुसरं कोणतंही चाललं असतं.

आता परवाचं.

खंडेनवमीला सोसायटीत शस्त्रपूजा असते. घराघरातलं लोखंड येतं, विळे, कुऱ्हाडी, पहारी, नांगराचे फाळ. दर वर्षी तू ते सगळं शेडच्या उंबऱ्याबाहेर पोत्यावर मांडायला लावायचास. आम्हाला वाटायचं, प्राध्यापक माणूस, ह्याला आत पसारा आवडत नाही. तू कारण सांगितलंही असशील. मी ऐकलं नसेल. यंदा तू नाहीस, तेव्हा सगळ्यांच्या मनात आलं, मास्तरांचं यंत्र, मास्तरांची आठवण, यंदा पूजा थेट यंत्राच्या पोटाशी करायची. खालचं कपाट उघडलं. नळी, तिच्या दोन्ही अंगाला काळे गोल चुंबक. तुझा फोटो वर टांगला आणि सगळ्या गावाचं लोखंड आत रचलं. फाळ आपोआप आत ओढला गेला, खट्टकन चिकटला, तेव्हा लोकांनी हात जोडले. आप्पा म्हणाले, "घेतलं बघा मास्तरांनी." आप्पा म्हणजे किराणावाले, लिंगायत माणूस, एरवी असल्या गोष्टींना मान न हलवणारे. त्यांचेही डोळे भरले होते.

मी सकाळी तुझ्या घरी गेलो होतो. वहिनी ओट्यावर बसलेल्या. कपाळाकडं बघायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी तुझा अडकित्ता आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडं सुतक हाय, पूजा न्हाई. पण हे ह्यांच्या हातातलं. समद्यांचं लोखंड तिथं जातंय, ह्यांचं बी जाऊ द्या." तात्यांनी शेडमध्ये तो बघितला आणि मागं सरकले. "सुतकाचं लोखंड पूजेला चालत न्हाई चेअरमन."

"आमच्यात सुतक-बितक नसतं," आप्पा म्हणाले.

"तुमच्यात नसंल. यंत्राला तर हाय."

मी ऐकलं नाही. अडकित्ता सगळ्यांत आत, चुंबकाला लागून ठेवला. मान म्हणून. कपाट बंद केलं. पूजेला मांडलेलं लोखंड दसरा उजाडल्याशिवाय हलवायचं नाही, ही आपली रीत. ते आत तसंच राहिलं. खरं तर यंत्रही त्या दिवशी चालवायचं नाही, पण दारात सीताफळांचे ढीग डोळे फाडून बसले होते, आणि एवढ्या घरांनी दिवाळी त्या फळावर टेकवलेली. सडलं तर सोसायटी संपली, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळे तेच बघत होते.

दांडी तापू दिली. पट्ट्यावर गर सुटला. मी काळं बटण धरलं. हात थरथरला बे, तुझी शपथ. म्हटलं, चला, मध्याची अट पुरी झाली. बटण नेहमीच्या जागेच्याही अलीकडं होतं आणि सुई टिकलीला टेकली. मी बटण सोडलं. सुई थांबली नाही. हळूहळू, कुणीतरी बोटानं सरकवावी तशी, टिकली ओलांडून पुढं गेली.

आयुष्यभर मी जी सुई पुढं जाऊ दे म्हणत होतो ती माझ्या डोळ्यांसमोर आपली आपण पुढं जात होती. यंत्र नेहमीचं गुणगुणत नव्हतं, कण्हत होतं. पट्ट्याच्या त्या टोकाला आप्पांनी गर हातात घेतला. "चेअरमन, वला हाय. जसा घातला तसाच." सुई वर आणि गर ओला. जास्त बैलं, जास्त मळणी म्हणणाऱ्याच्या तोंडात तो ओला गर कुणीतरी कोंबावा तसं झालं. भांडण तू जिंकलास. बटण मी मागं फिरवलं आणि मोठा खटका पाडला. शेडमध्ये अशी शांतता झाली की बाहेरची सीताफळं पिकताना ऐकू येत होती. हे खोटं नाही. म्हणजे थोडंच आहे.

"सांगितलं हुतं," तात्या म्हणाले. "सुतक."

मग मागून आवाज सुरू झाले. सुमनबाईला कळायला पाहिजे होतं. घरातलं घरात ठेवायचं सोडून. कुणीतरी म्हणालं, बाईला बोलवा, तिच्या हातानं उचलून न्यायला लावा. मला दिसलं पुढं काय होणार ते. यंत्र जळालं, फळ सडलं, तर ह्या गावात पुढची कित्येक वर्षं ते वहिनींच्या नावानं सांगितलं जाणार. आणि सांगणारे माझ्याच तालमीत तयार झालेले.

माझ्या तोंडात दुसरी गोष्ट तयार होती. मध्याच आलाय, म्हणायचं. सुई त्यानंच सरकवली, फोटोला नारळ फोडा. लोकांनी मानलं असतं. संध्याकाळपर्यंत गेवराईत तुझं देऊळ झालं असतं. वहिनी सुटल्या असत्या. मी तोंड उघडलंही. पण तुझा फोटो समोर होता आणि मला ऐकू आलं, मागल्या बारीला तरस हुतं ना रे?

मग तू एका रविवारी गर खाता खाता बोललेलं आठवलं. "सुई आपोआप चढली तर विजेला शिव्या देऊ नगंस. चुंबक बघ. आन् एका बारीला एकच गोष्ट बदल, न्हाईतर कशानं काय झालं ते जन्मात कळायचं न्हाई."

मी सगळ्यांना म्हणालो, थांबा. मुख्य वीज तोडली. तू शिकवल्यासारखी तार बांधलेली काठी लावून नळीतली उरलेली वीज जमिनीत उतरवली. ती उतरताना चट् झालं. कपाट उघडलं. तात्या ओरडले, "दसऱ्याच्या आत हलवू नगा." मी म्हणालो, "तात्या, एकच हलवतो. तुमी म्हणता तेच." आणि फक्त तुझा अडकित्ता ओढून काढला. बाकीचं गावाचं लोखंड तसंच ठेवलं. कपाट लावलं, दांडी परत तापवली, बटण अगदी खालून, मुंगीच्या चालीनं फिरवलं. सुई परत चढली. जिथं बसायला नको तिथं गेली.

"सुतक तर भाईर काढलं," आप्पा म्हणाले, सहज, कुणाकडंही न बघता.

खटका पाडला. परत काठी, परत चट्. मग फाळ, विळे, कुऱ्हाडी, सगळं काढलं. पहार निघेना, आप्पा आणि मी पाय लावून ओढली. चुंबकाचा जोर नळीत जायचा सोडून ह्या लोखंडात जात होता, आणि आत इलेक्ट्रॉनला वळवायला कमी पडत होता. ते वळेनात, सरळ भिंतीवर आदळत होते. रांग मोडली होती. आपणच मोडली होती, हळद-कुंकू लावून. सगळं लोखंड उंबऱ्याबाहेर पोत्यावर मांडलं, तू मांडायचास तसं.

तिसऱ्या वेळी सुई चढली, आणि टिकलीच्या अलीकडं येऊन बसली. यंत्र गुणगुणायला लागलं. आप्पांनी पट्ट्याच्या टोकाची भुकटी चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली आणि मान हलवली. तात्या पुढं झाले. मग त्यांनी खाली पडलेला तुझा अडकित्ता उचलला, उपरण्यानं पुसला, कपाळाला लावला आणि पोत्यावर सगळ्यांच्या मधोमध ठेवला. तात्या बोलले नाहीत हे मी तेराव्याला सांगितलं तर त्याला मात्र कुणी खरं मानणार नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. बटण पूर्वीच्या जागेवर नेलं तर सुई टिकली ओलांडते. लोखंड सगळं बाहेर आहे तरीही. चुंबकाला त्या पहारीचा आणि फाळाचा धक्का कायमचा बसलाय. तो अशक्त झालाय. म्हणजे इथून पुढं बटण आधीच थांबवायला लागणार, घाणे कमी निघणार, आणि ते किती आधी हे सांगायला तू नाहीस. मी अंदाजानं थांबवतोय. मी, ज्याचा अंदाज आजवर कधी खरा निघाला नाही. सकाळी शेडचं कुलूप काढलं की आधी काचेकडं बघतो. रात्रीतून सुई आपली आपण चढली असेल का, असं काहीतरी येड्यासारखं मनात येतं. वीज बंद असते तरी.

काल ढीग अर्धाच संपला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "चेअरमन, येळ गेलाय, जरा वाढवा."

मी म्हणालो, "न्हाई."

"कावून?"

मी वळून बघितलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आता काहीतरी येणार म्हणून. बिबट्या, ढग, यम, काहीतरी. काहीच आलं नाही. "टिकली," एवढंच म्हणालो. कुणी हसलं नाही. जाऊन आपापल्या पाट्या भरायला लागले.

संध्याकाळी वहिनींना पहिल्या घाण्याची भुकटी द्यायला गेलो. टिकलीचा डिंक सुटत चाललाय, कधी पडेल सांगता येत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. त्या आपणच उठून आत गेल्या. टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. त्यातली एक काढून माझ्यासमोर स्वतःच्या कपाळाला लावली, आरशात न बघता. पाकीट माझ्या हातात दिलं. "बाकीच्या तुमच्या सुईला," म्हणाल्या. मी अडकित्त्याचं सांगायला गेलो. म्हणाल्या, "तात्या येऊन गेले." बास.

मध्या, तू म्हणालास, पुढं गेलेले मागच्याला थोपवतात. थांब म्हणतात, अजून जागा न्हाई. तू पुढं गेलास. मी तापलेल्या दांडीपाशी उभा आहे आणि रोज मला वाटतं आता मीही सुटणार. छातीत जरा काही झालं की तुझ्या वॉर्डातली ती रेघ दिसते. पण मग ही भीती येते, छातीला दोन्ही हात लावून मागं लोटल्यासारखी, आणि मी परत शेडमध्ये जातो. माझी भीती अशी जोराची कधीच नव्हती. हे हात तुझेच असणार बे.

लोट असाच. हंगाम संपेपर्यंत तरी. हात अजून थरथरतोय.